आत्याबाईंनी सडवलेला कांदा

मंगळवार, रात्र. देवळाली प्रवरा

कांद्याला पाणी किती द्यावं, हा माझा ऑनलाइन धडा शेतकरी बायका अर्ध्यातच सोडतात. असंच चाललं तर मी जिथं काम करते ती संस्था धडे बंद करणार. म्हणून त्याचा मोबाईलवरचा खेळ केला. बरोबर उत्तराला चांदणी, पीक गेलं की पहिल्यापासून सुरुवात.

आज सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, खेळायला दिला. चांदण्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भसाभसा पाणी सोडलं, कांदा सडवला आणि हसत बसल्या.

“आत्याबाई, मुद्दाम केलंत?”

“व्हय. खऱ्या वावरात असं कुठं करता येतंय? बघावं म्हनलं काय हुतंय.”

पण खेळ काही न सांगता पहिल्यापासून सुरू झाला. त्या वैतागल्या. “आगं, का सडला ते मला कळनार कसं?”

खरंच की. मी मात्र आठवडाभर चांदण्याच रंगवत बसले होते. त्या चांदण्यांचं आता काय करू? राहू देत कोपऱ्यात.

लगेच बदल केला. आता पीक गेलं की मुळं का कुजली ते दिसतं आणि तिथूनच पुन्हा खेळता येतं. फोन परत त्यांच्या हातात दिला. जेवणं झाल्यावर मी फोन मागितला, तर आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, “थांब जरा. आता बिनपान्याचा वाळवून बघते.”