जुनं लुगडं पाठव

सांगली, १२ डिसेंबर १९४६

प्रिय आई, तुझ्या सगुणाचा सलाम.

मी ठीक आहे, पोटभर जेवते. दादांचा खोकला थांबला का?

समाजसेवा शिकायला मिशनच्या आश्रमात आले, पण इथे आसऱ्याला आलेल्या हरणाबाईपुढे माझं शिक्षण थिटं पडतंय. लग्नाआधी दिवस राहिले म्हणून घरच्यांनी तिला टाकलंय. आता दिवस भरत आलेत. आश्रमाच्या नव्या दुपट्यांना ती हातही लावत नाही. रोज विचारते, "आवं बाई, आयचं जुनं लुगडं आलं का?" बाळाला पहिलं तेच गुंडाळायचं ना! तिच्या आईला मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. मोठ्या बाई म्हणतात, धीर धर. मला एका जागी बसवत नाही.

तुझं निळं लुगडं पाठव. तिच्या आईचं नाही हे तिला कळेलच. तरी धुऊ नकोस. कुणाच्या तरी आईचा वास असू दे त्याला.

तुझीच,
सगुणा