ताईची दुसरी प्रत

१२ जानेवारी १९९९, कुंडल

ताई परत आली. एकटीच, रोहनला खांद्यावर टाकून. पोरगं दहा महिन्यांचं झालं, अजून मान धरत नाही! दिवसातून चार-पाच वेळा झटके. दाजी आले नाहीत. लोणंदच्या कांदा मार्केटातून निरोप तेवढा – "लहानपणापासनं फिट तिलाच येत्यात. खोट तिच्याच रक्तात हाय."

ताईनं रोहनला खांद्यावरून उतरवून निजवलं. आई मात्र भाकरी थापता थापता थांबली. "तुज्या आदी माझं दोन ल्योक असंच गेलं."

अठ्ठावीस वर्षांचा झालो, आणि आज सांगते!

१५ जानेवारी

रजा वाढवली. साताऱ्याला जाऊन तरी काय करू? ताई दारात ब्लाऊज शिवतेय. रोहन शेजारी गोधडीवर. ती शिट्टी वाजवते, तो हसतो. मला बसवत नाही, उभं राहवत नाही.

१९ जानेवारी, मिरज

पुण्याला ताई आणि रोहन, दोघांच्याही मेंदूचे फोटो काढले होते. ते घेऊन आज मिरजेला. डॉक्टरीणबाईंनी दिव्यासमोर लावले. रोहनचा मेंदू गुळगुळीत – वळ्या जवळजवळ नाहीतच. ताईच्या मेंदूत वळ्या आहेत, पण आत एक जास्तीचा थर.

बाई म्हणाल्या, "बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी आतून बाहेर सरकतात. ते काम एका जीनवर अवलंबून असतं. गेल्याच वर्षी सापडलाय तो." बाईमाणसाकडे त्याच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. ताईची एक बिघडलेली, दुसरी चांगली; आणि प्रत्येक पेशीत दोनांतली एकच चालते. निम्म्याशिम्म्या पेशी नीट पोचल्या, उरलेल्या वाटेत अडकल्या. तोच तो थर. "दुसऱ्या प्रतीनं सांभाळलं तुमच्या बहिणीला. रोहनला बिघडलेलीच आली, आणि सांभाळायला दुसरी नाही."

"आणि आईला? तिला तर कधी फिट आली नाही."

"काही जणींत चांगली प्रतच जास्त पेशींत चालते. इथं जीनची तपासणी होत नाही, पण तुमच्या घरातलं ऐकून तसंच वाटतं."

"मग मी?"

"तुम्हाला चांगली आली. बस, एवढंच."

एवढंच!

२० जानेवारी

लहानपणी सतराचा पाढा येईना म्हणून मी ताईला पट्टीने मारलं होतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी! सातवीत तिची शाळा सुटली तेव्हा घरात सगळे म्हणाले, महेंद्र हुशार. मी काय केलं होतं? आईकडच्या दोनांतली बरी प्रत माझ्या वाट्याला आली – तिला नाही.

२५ जानेवारी, सातारा

कामावर हजर. दोन पत्रांवर चुकीचे जावक नंबर. साहेब ओरडले. ऐकूच आलं नाही.

३१ जानेवारी, लोणंद

सरळ मार्केट गाठलं. दाजी पोती शिवत होते. तिथंच सगळं सांगितलं.

"म्हंजे आलं तिच्याकडनंच न्हवं?"

"आलं. पण तिनं काय मागून घेतलं न्हाई, दाजी. आईनंबी न्हाई."

सुईतला दोरा ओढत राहिले. मग – "दुसरं पोरगं झालं तर?"

"पोरगा असला तर निम्मी भीती हाय."

पुढचं पोतं ओढून घेतलं. मी निघालो तशी मागून हाक. "आवं पावनं, रोहन हसतो का?"

"हसतो."

तोंड फिरवलं त्यांनी.

७ फेब्रुवारी, कुंडल

काल दाजी येऊन गेले! रोहनला मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. ताईला न्यायचं म्हणतात.

आणि ती मिशीनवरून मान वर न करता सांगते – दिवस गेलेत, दुसरा महिना उलटलाय. दाजींना अजून माहीत नाही.

मी लगेच सुरू. आधी मिरजेला जाऊ, बाईंना विचारू, मग काय ते ठरवू. हिशोब मांडत फिरतोय अंगणात. ती कापड सरळ करत राहिली.

८ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा तेच बोललो. "पोरगा असला तर भीती. आणि पोरगी झाली तरी, ताई... ती तुझ्यासारखी व्हायची."

ताईनं मिशीनचं चाक हातानं थांबवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मग? माझ्यासारखी म्हंजे लय वाईट असतं का रं?"