आईचा फोन आणि माझं कोपर

चिमे,

तू आणलेला मनगटाचा पट्टा तुझ्याच टेबलावर ठेवलाय. माझ्या मनगटाला काहीही झालेलं नाही. काल बेकरीत केकवर नाव काढताना क्रीमची पिशवी हातातून सटकली, म्हणून आज डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "कोणती बोटं बधिर होतात?" करंगळी आणि तिच्या शेजारचं. मनगटात नस दबली असती तर अंगठ्याकडची बोटं बधिर झाली असती. माझी नस कोपराशी दबली आहे. कोपर फार वेळ दुमडून ठेवलं की असं होतं म्हणे.

आता मी ते कधी दुमडते, ते ऐक. रोज संध्याकाळी, आईचा फोन कानाला लावून! तू तिचा फोन उचलत नाहीस, म्हणून ती मला धरते. स्पीकर लावला की तू ताडकन उठून खोलीचं दार आपटतेस. भांडण तुमचं आणि नस माझी? वा गं वा!

मी कोपराचे व्यायाम शिकायला चालले आहे. माझा फोन मुद्दाम इथे ठेवलाय. आठला वाजेल, तो उचल. मध्येमध्ये हात बदलत जा.

ती तुझ्या चुगल्या करते असं तुला वाटतं ना? रोज शेवटी ती म्हणते, "तिच्या दाराशी जा गं, आवाज तरी ऐकू दे." मग मी तुझ्या दाराला फोन लावून उभी राहते. तू आतून हूं की चूं करत नाहीस. रोज ती बिचारी नुसतं दारच ऐकते.

ताई