ताणलेली टेप

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सा. न.

इकडे सगळे ठीक. शिवणाचे दुकान चालते आहे. छकुलीचा पुढचा दात पडला. तुझ्या भावजयीने फोनवर तुला काय सांगितले ते कळले. मी तिच्याशी धड बोलत नाही, वेगळा झोपतो, माझ्या कपाला कुणाला हात लावू देत नाही, हे खरे आहे. ‘माझा वीट आलाय का?’ असे तिने विचारले, तेव्हा मी उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेलो. आता ती माहेरी जायचे म्हणते.

गंमत ऐक. महिनाभर गिऱ्हाइके पँटी घट्ट झाल्या म्हणून परत आणत होती. माप मी घेतो, कापड कापतात दुकानातले कटिंग मास्तर, त्यांच्या लोखंडी पट्टीने. परवा त्यांनी माझी टेप त्या पट्टीवर धरली आणि म्हणाले, “अरे, ही पाऊण इंच ताणलीय. साऱ्या गावाचा श्वास कोंडलास की.”

सगळे हसले. मी पडद्याआड जाऊन रडलो.

ती टेप मी ताणली, ताई. दिवसातून दहादा पडद्याआड स्वतःची कंबर मोजून. चौतीसची सव्वातेहतीस भरायची, आणि वाटायचे, वाळत चाललो, झालाच तो रोग.

दीड वर्षापूर्वी कापड आणायला परगावी गेलो, तेव्हा एका बाईकडे गेलो होतो. एकदाच. लिहितानाही लाज वाटते. त्यानंतर एचआयव्हीची तपासणी चार वेळा केली. चारही रिपोर्ट निगेटिव्ह. तरी मी आरशात जीभ बघतो, मानेच्या गाठी चाचपतो. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, “रक्त स्वच्छ आहे. आता भीतीवर उपचार करा.” मनाच्या डॉक्टरांसाठी त्यांनी चिठ्ठी दिली. ती तीन महिने मशीनच्या खणात पडून आहे.

काल नवी टेप आणली. कंबर चौतीस भरली. तासभर बरे वाटले, मग हात पुन्हा मानेकडे गेला. म्हणजे खोट टेपमध्ये नव्हती.

संध्याकाळी छकुली फ्रॉकसाठी समोर येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांनी तिला हात लावला. आधीच्या मापापेक्षा ती दोन इंच वाढलीय. माझ्या घरात, माझ्यासमोर, आणि मला पत्ता नाही.

रविवारी ये. भावजयीला सगळे मीच सांगणार आहे, तू फक्त शेजारी बस. ती राहो न राहो, सोमवारी चिठ्ठी घेऊन जाईन.

तुझा, घरात असून नसलेला,
धाकटा