पिसं खाणारी बुरशी

४ ऑगस्ट
ब्रह्मपुरीला आज रुजू झाले. कंपनी लहान, प्रयोगशाळा मात्र झकास. कोंबडीची पिसं विरघळवणारं एन्झाइम बुरशीकडून तयार करून घ्यायचं, असं काम. बुरशीवर अतिनील किरणं सोडायची, मरणार नाहीत त्यांतली दणकट निवडायची आणि भाताच्या कोंड्यात पिसांचा भुगा कालवून परातीत वाढवायची. वास उकिरड्याचा. कंपनीचे मालक प्रवीण सर म्हणाले, उत्पादन दुप्पट कर, नोकरी पक्की. आईला लगेच फोन करून सांगितलं.

७ ऑगस्ट
इथल्या जुन्या कामगार रुखमाबाई कोंडा उघड्या हातानं कालवतात. हातमोज्यानं कोंड्याची गरमी समजत नाई म्हणाल्या, अन् गरमी नाई समजली तं बुरशी धरत नाई. मी नाक मुरडलं. पण त्यांच्या पराती फुलून आल्या, माझ्यांत बुरशी धरलीच नाही. आजपासून मीही हातमोजे काढले. चिकट, कोमट.

१३ ऑगस्ट
निवडलेल्यांपैकी सतरा नंबरच्या बुरशीनं अडीचपट उत्पादन दिलं! ओलावा तोच, तापमान तेच, मग वाढलं कशानं? सरांनी पेढे आणले. मला खाववेना. तीनदा साबण लावूनही बोटांचा वास जात नाही.

१६ ऑगस्ट
अंगठ्याचं नख भिजलेल्या पापडासारखं झालंय. दाबलं की पाणी सुटतं. शी.

१८ ऑगस्ट
नखाखाली पांढरी लव. खरवडून तपासली. सतराच. एन्झाइम परातीपेक्षा चौपट. पिसं काय, नखं-केस काय, सगळं एकाच केराटिनचं. म्हणजे कोंडा कालवताना ती आमच्या नखांवर पोसली जात होती.
रुखमाबाईंना विचारलं. त्यांनी पदराआडून हात काढले. एकही नख नाही. म्हणाल्या, सायबाले मालूम हाये पोरी, दवाई लावू नको म्हणते.

२० ऑगस्ट
सरांना हात दाखवला. घाबरतील वाटलं. त्यांनी भिंगातून पाहिला आणि ते खूश झाले. मलम लावू नकोस म्हणाले, दोनच दिवस, कायम केल्याचं पत्र आजच देतो. मी — किळस येते मला माझी — मी मान हलवली.

२१ ऑगस्ट
चार नखं उरली. विंचरताना केसांचा पुंजका, मुळाशी पांढरी —
उलटी झाली.

२२ ऑगस्ट
सरांनी परात पुढ्यात ठेवली. हात मनगटापर्यंत बुडवून बस म्हणाले. नाही म्हणायचं होतं —
डावा आत आहे. उजव्यानं लिहितेय. खाज थांबली, बरं वाटतंय, आणि त्याचीच जास्त शिसारी. आता पुरे. काढते.
हात वर आला. कातडी परातीतच —