उजव्या बाजूची शिवण

४ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय चिमणे,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण तिचंही वय झालंय, ऐकून घ्यावं लागतं. दुकान चालू आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटक्या खिशांना अस्तर लावणं. समोरचा चांभार गेल्या महिन्यात दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला. दुपारच्या चहाची सोबत गेली. दोन कप करायची सवय मात्र जात नाही. दुसराही मीच पिते आणि मग पित्ताच्या नावाने बोटं मोडते.

गुरुवारी तुझ्या लेकीचा फोन आला होता. "मावशी, मी वजन उचलायच्या स्पर्धेत उतरतेय. आई म्हणते, सूट शिवायचा तर मावशीकडूनच."

"आई स्वतःहून म्हणाली?"

"हो. म्हणजे, मी दहा वेळा विचारल्यावर."

मांडीचं माप ऐकून मी म्हटलं, "अगं, मांडी आहे की खांब?" तर केवढी हसली! सहा वर्षांत तुझ्या घरातलं हसू माझ्या कानावर पडलं नव्हतं.

कापड आणलं, कापलं. शनिवारी मशीनवर बसले आणि उठले. रविवारीही तेच. म्हणून हे पत्र. फोनवर मी हवापाण्याचं विचारून ठेवून दिला असता, तू मला ओळखतेसच.

तुझा पहिला सूट आठवतो? दुकानात टांगला होता तेव्हा पोस्टमनने विचारलं होतं, "बाळाचा आहे का?" तू म्हणालीस, "माझा आहे," आणि त्याचा चेहरा बघून आपण दोघी पोट धरून हसलो होतो. मग तू त्याला नीट समजावलंस. हा कपडा अंगापेक्षा लहानच शिवतात, खांद्यावर वजन घेऊन खाली बसलं की मांड्या आणि कंबर आवळून धरतो, आणि उठताना खालून ढकलतो. तो म्हणाला, "मग घालता कसा?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "ही घालते मला."

खरंच होतं ते. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या, मांड्यांना पावडर, आणि मी मागून दोन्ही पट्टे धरून तुला उचलून उचलून आत बसवायचे. तुझे पाय जमिनीवरून सुटायचे. माझी कंबर गेल्यापासून मला वजन उचलायची बंदी होती, पण तुला उचलायचं मी कुठल्या डॉक्टरला सांगितलंच नाही.

मग ते मोठ्या जिमचे प्रशिक्षक आले. तू सरावासाठी त्यांच्या गावी राहायला जाणार हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तुझ्याकडून नाही. त्यांनी तुला बाहेरून मागवलेला नवा सूट दिला. तू मला म्हणालीस, "ताई, ही स्पर्धा तुझ्याच सुटात करते. शेवटची." तू प्रेमानेच म्हणाली असशील. मला फक्त 'शेवटची' ऐकू आलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सूट माझ्या टेबलावर होता. मी तो उलटा करून पाहिला. उजव्या बाजूच्या शिवणीचे, कमरेच्या जरा खाली, चार टाके सुटले होते. सबंध शिवण उसवून दुहेरी जाड दोऱ्याने पुन्हा घालायला हवी होती. तीन तासांचं काम. मी वरून एक साधी टीप मारली, घडी घातली आणि तुझ्या बॅगेत ठेवली.

विसरले नाही, चिमणे. घाईतही नव्हते. त्या दिवशी दुकानात दुसरं काम नव्हतं. मनात होतं की एकदा तुझी फजिती व्हावी, म्हणजे ताईचा हात काय असतो ते तुला कळेल आणि तू परत येशील. तुला लागेल असं मनात नव्हतं. पण बारवर एकशे ऐंशी किलो आहे हे मला माहीत होतं, मग मनात काय होतं नि काय नव्हतं याला काय अर्थ?

तिसऱ्या उचलीला तू खाली बसलीस आणि शिवण उसवल्याचा तो आवाज झाला. बाजूला उभ्या असलेल्या तिघांनी बार धरला म्हणून तू वाचलीस. तुझ्या जांघेतला स्नायू फाटला.

हे सगळं वाईटच. पण खरं जे आहे ते याच्यापुढे आहे. तू स्ट्रेचरवर होतीस. प्रशिक्षकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "शिवण कच्ची होती का?" मी म्हणाले, "शिवण पक्की होती. तीच घाबरून तिरकी बसली. सगळा भार एका बाजूवर आला."

तू ऐकलंस. माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. "हो, माझंच चुकलं असणार."

तू तिरकी बसली नव्हतीस. मी समोरच होते. तू सरळ बसली होतीस.

पाय चार महिन्यांत बरा झाला, पण तू पुन्हा बारला हात लावला नाहीस. लोक म्हणाले, धसका घेतला. मीही मान डोलावली. सहा वर्षं मूग गिळून बसले.

आता तुझी लेक माझ्या हातचा सूट घालणार म्हणते. हे तुला ठाऊक नसताना मी सुईत दोरा ओवू शकत नाही. कापलेलं कापड तसंच आहे. तू सांगशील त्या शिंप्याकडे पाठवते. शिवणीला दुहेरी दोरा लागतो एवढं त्याला सांग.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी आपली सवयीने लिहिते,
ताई


२९ मार्च, शनिवार

चिमणे,

तुझं पत्र काल आलं. पाच ओळी. पाकीट फोडायच्या आधी मी दुकानाचं शटर ओढलं.

'मापं परत पाठवू नकोस, कापडही नको. तिचा सूट इथेच शिवायला टाकला. सहा वर्षं मला वाटत होतं की माझं काळीजच भित्रं आहे. काल जिममध्ये गेले. सूट न घालता, नुसत्या बेल्टवर साठ किलो घेऊन बसले आणि उठले. मी येणार नाही, तूही येऊ नकोस.'

बरोबर लिहिलंस. यातलं एक अक्षर मी मागे घ्यायला सांगणार नाही.

फक्त ते साठ किलो मी किती वेळा वाचले ते मलाच माहीत. वाचता वाचता रडले आणि लगेच तोंडातून निघालं, "पाठ सरळ ठेव गं." दुकानात कुणी नव्हतं. सूट अडकवायचा तो लाकडी पुतळा तेवढा होता, त्याची पाठ सरळच असते.

तुझ्या लेकीला कालच फोन केला. म्हटलं, मावशीला जमणार नाही, आई सांगेल ते ऐक. ती म्हणाली, "मावशी, आई त्या दिवशी जिममधून आल्यापासून घरभर चालतेय. बसतच नाही." मी म्हटलं, "चालू दे तिला." पुढे तिने काही विचारलं नाही. शहाणी आहे.

त्यानंतर मी दुकान पुसून काढलं. एका बाईंचा कोट आला होता, त्याची बाही बसवली. नीट बसली. संध्याकाळी कुणाला दाखवावी असं वाटलं, पण समोरचं शटर बंद होतं.

चिमणे, साठावर घाई करू नकोस. सहा वर्षांचा खंड आहे, हाडांना वेळ दे. गुडघ्याचे पट्टे आवळायला लेकीला शिकव, पण सेट संपला की लगेच सोडायचे, नाहीतर पाय सुन्न पडतात. हे तुला माहीत आहे. मला सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून सांगते.

उत्तर मागत नाही, तो हक्क गेला. पण कधी सत्तर झाले, नव्वद झाले, तर एका कार्डावर फक्त आकडा लिही. वर मायना नको, खाली नाव नको.

मला तुझं अक्षर कळतं.

ताई