भुकूमची चौकशी

प्रिय गौतमी,

बावधनला मावशीकडे तुझं बरं चाललं असेल. फोनवर माझी जीभ अडखळते. कागदावर चुकलं तर खोडता तरी येतं, म्हणून लिहितो आहे. तुमची तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. काकी म्हणाल्या, "गौतमीला कळीव, लई वाट बघत हुती ती."

तुमच्या पडवीत आपण तिघं इंद्रजितच्या फोनवर ती जुनी अमेरिकन मालिका बघायचो, ते हल्ली सारखं आठवतं. दोन हेर, खेळाडूचं सोंग घेऊन देशोदेशी फिरतात आणि मरण समोर आलं तरी एकमेकांची थट्टा सोडत नाहीत. इंग्रजी आपल्यापैकी कुणालाच धड कळत नव्हतं, म्हणून आवाज बंद करून दोघांच्या वतीने तूच बोलायचीस. "आरं, बंदूक खाली ठिव, पयला च्या पी." इंद्रजित हसून लोळायचा. मी मात्र ते दोघे पकडले जातील या काळजीत. तू म्हणायचीस, "धाकलू, तू हेर झालास तर पयल्याच दिवशी घामानं वळखू येशील."

तसंच झालं. तुझ्यासाठी आलेल्या भुकूमच्या स्थळाची गुपचूप चौकशी करायला तुझ्या आप्पांनी भाऊ म्हणून इंद्रजितला धाडलं, सोबत मला. भाड्याची खोली शोधणारे म्हणून आम्ही गेलो. आधी पिठाच्या गिरणीत विचारलं, मुलगा पितो का, सासू कशी आहे. मग थेट त्या मुलाच्या, शैलेशच्या दारात. त्याने खोली दाखवली, नळ सोडून दाखवला. इंद्रजित ऐटीत म्हणाला, आम्ही हिंजवडीला कंपनीत असतो. शैलेशने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि हसला. "पावनं, खोली ऱ्हाऊ द्या. मला बघाया आलाय न्हवं? बसा, च्या घ्या." चहा पिताना त्याने विचारलं, तिला काय आवडतं. इंद्रजित म्हणाला, तिला सगळंच आवडतं. मग मी सांगितलं. मीठ लावलेली कैरी, कासारसाईच्या धरणावर वाऱ्याला बसणं, आवाज बंद करून मालिका बघणं, बोलताना वेणीचं टोक बोटाला गुंडाळणं. मान वर केली तर इंद्रजित माझ्याकडे बघत होता.

आप्पांना मी खरं तेच सांगितलं. मुलगा निर्व्यसनी आहे, आई मायाळू आहे, घरात बारमाही पाणी आहे. एखादा दोष सापडावा म्हणून निघताना मी गिरणीत पुन्हा विचारून आलो होतो. सापडला नाही.

तरी तू अजून होकार दिलेला नाहीस. काल आप्पांनी मला ओट्यावर जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुजं ऐकती ती. पत्र लिव्ह, समजाव तिला." म्हणून हे पत्र. माझी चौकशी करायला तुमच्या घरून कधी कुणी निघणार नाही, गौतमी. नववीत सुटलेली शाळा, वरच्या वाडीतलं पत्र्याचं घर, सगळं त्यांना न विचारताच ठाऊक आहे. शैलेश चांगला आहे, हे मी पुन्हा लिहितो, कारण ते खरं आहे. पण आप्पांना हवे असलेले दोन शब्द, "होकार दे", ते माझे म्हणून लिहायला बसतो आणि उठतो. आता पाकीट बंद करतो आहे. आप्पांना सांगेन, पत्र टाकलं. ते दोन शब्द मी तुला सांगितलेले नाहीत, एवढं लक्षात ठेव.

बाकी काही नाही, तरी तुझाच,
धाकलू